दोनशे एकावा माणूस

"बारा माणसं कमी पडतायत," काका म्हणाले.

काकू खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळत होत्या. "कशाला? पत्ते खेळायला?"

"चेष्टा नकोय. आपल्या वसाहतीची लोकसंख्या आहे एकशे एकोणनव्वद. बससाठी लागते दोनशेहून अधिक. म्हणजे बारा हवेत."

"अकरा."

"अकरा आले तर दोनशे होतील. दोनशे म्हणजे दोनशेहून अधिक नव्हे. दोनशे म्हणजे दोनशेच."

काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्याआधी चौतीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली होती आणि ती सवय काही निवृत्त झाली नव्हती. दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ते पेन हातात घेऊन वाचत. वसाहतीत त्यांना कानामात्राकाका म्हणत. समोर फक्त काका.

वसाहत होती शहराच्या अगदी कडेला. शहर जिथे संपतं असं वाटायचं, त्याच्याही पुढे दोन वळणं. बारा वर्षांपूर्वी तिथे एकशे चाळीस घरं बांधली गेली, सगळी एकसारखी, प्रत्येकाला पुढे छोटा व्हरांडा आणि मागे रुमालाएवढं अंगण. स्वस्त होती म्हणून ती घेतली निवृत्तांनी. मुलं शहरात राहिली. त्यामुळे एकशे चाळीसपैकी चौऱ्याण्णव घरांत दिवे लागत आणि बहुतेक दारांबाहेर चपलांचे दोनच जोड दिसत. बाकीची घरं कुलूपबंद. झोपाळ्याच्या कड्या गंजल्या होत्या, कारण अख्ख्या वसाहतीत मुलं होती सात आणि त्यातली तीन झोपाळ्याच्या वयाची नव्हती.

बस वसाहतीपर्यंत येत नसे. ती पाण्याच्या टाकीपाशी वळून परत जाई. टाकी ते काकांचं घर, सव्वा किलोमीटर. काकूंचा उजवा गुडघा बरा होता तोवर त्याचं काही वाटलं नाही. दर बुधवारी दुपारी काकू शहरात जाऊन टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आपल्या तीन जुन्या मैत्रिणींबरोबर पत्ते खेळत. आता आठ महिने झाले, त्या गेल्या नव्हत्या. मैत्रिणी चौथा हात मोकळा ठेवून खेळत होत्या आणि दर बुधवारी फोन करून "आज तुझ्या हाताला दोन जोकर आले होते गं," असं सांगत होत्या. फोन ठेवल्यावर काकू पत्त्यांचा जोड काढून एकट्याच पिसत बसत. काका तेव्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरत, पण त्यातली एकही चूक त्यांना त्या वेळी सापडत नसे.

म्हणून सोमवारी टाकीच्या भिंतीवर परिवहन कार्यालयाची नोटीस दिसली, तेव्हा काका तिच्यापुढे हात जोडायचेच बाकी राहिले. दोनशेहून अधिक लोकसंख्या असलेल्या बाह्य वसाहतींना दिवसातून सहा फेऱ्यांची मिनीबस मंजूर होणार होती. येत्या रविवारी गणना. आदल्या रात्री जो जिथे मुक्कामाला असेल, तो तिथला धरला जाईल. नोटिशीवर शेजारच्या जाहिरातीचा कोपरा चिकटला होता आणि 'असलेल्या' या शब्दाचं पहिलं अक्षर त्याखाली गेलं होतं. पण एवढं अक्षर काकांना बघावं लागत नसे. अशी हजारो अक्षरं त्यांनी आयुष्यभर भरून काढली होती.

"एकदा फोन करून खात्री करा की," काकू म्हणाल्या.

"कसली खात्री? मराठीत लिहिलंय."

"बरं. मग बारा माणसं आणणार कुठून?"

काका खाकरले. "तुझी धाकटी बहीण. तिच्या घरी किती जण?"

काकूंचा मलमाचा हात थांबला. धाकटी, तिचे यजमान म्हणजे काकांचे साडू, दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं आणि साडूंच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आत्या. काकूंनी बोटांवर मोजलं आणि त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "बारा! अहो, पण त्यांना काय सांगणार? मोजायला या म्हणून?"

"छे! असं कसं सांगायचं? वाईट वाटेल त्यांना. रविवार आहे, मुलांना सुट्टी आहे, मोकळी हवा आहे. मुक्कामाला या म्हणायचं."

फोन काकांनीच केला. "सगळे या हं," ते तीनदा म्हणाले. "आत्यांनासुद्धा आणा. आत्यांना तर आणाच."

शनिवारी दुपारी टाकीपासून वसाहतीपर्यंत एक मिरवणूकच चालत आली. पुढे नातवंडं, मागे गाद्यांच्या वळकट्या घेतलेले मुलगे, मग धाकटी, आणि शेवटी साडूंच्या हाताला धरून आत्या. धाकटीचं कुटुंब शहराच्या ऐन मध्यावर दोन खोल्यांत राहत असे. तिथे रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवून विचारावं लागे. इथे नातवंडं व्हरांड्यातून शिरली, मागच्या अंगणातून बाहेर पडली, घराला वळसा घालून पुन्हा पुढून शिरली, आणि ती अशी तासभर फिरतच राहिली.

आत्यांना कमी दिसे आणि त्याहून कमी ऐकू येई. त्यांनी व्हरांड्यातली काकांची खुर्ची चाचपून पाहिली, बसल्या आणि म्हणाल्या, "ही बरी आहे." काकांनी त्या दिवसापासून पायरीवर बसायला सुरुवात केली.

शनिवारची रात्र झाली, रविवार उजाडला. काका नऊ वाजल्यापासून स्वच्छ सदरा घालून फाटकाशी उभे. सगळ्या वसाहतीला त्यांनी घरोघर जाऊन बजावलं होतं, "रविवारी कोणी हलायचं नाही. एकसुद्धा माणूस कमी होता कामा नये." अकरा वाजता फोनवर निरोप आला. गणनेच्या बाई आजारी पडल्या आहेत; गणना तीन आठवडे पुढे ढकलली आहे.

काका आत आले. धाकटी वळकट्या बांधायला लागली होती.

"हे काय? एवढ्यात निघालात?" काका म्हणाले.

"भावजी, उद्या मुलांना कामावर जायचंय."

"इथून जाऊ देत की! टाकीपाशी बस आहे. पोरांना सुट्टी आहे. घर कसं भरल्यासारखं वाटतंय. तीन आठवडे तरी राहा."

धाकटीने आधी काकांकडे, मग बहिणीकडे पाहिलं. वीस वर्षांत भावजींनी इतका आग्रह केला नव्हता. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. धाकटीने वळकटी सोडली.

तीन आठवडे चौदा माणसं आणि एक न्हाणीघर. पहाटे पाचला रांग लागे. काकांनी वेळापत्रक करून दारावर लावलं. त्यात स्वतःला दिलेली सहा-पाचची वेळ त्यांना एकदाही मिळाली नाही. आत्या आत गेल्या की दार वाजवून उपयोग नसे. मोठी सून फोनवर मोठ्याने बोलायची, धाकटी सून त्यावर मोठ्याने हसायची. नातवंडांनी काकांचं लाल पेन शोधून काढलं आणि त्याने भिंतीवर एक उंट काढला. त्याला पाच पाय होते. काकांना हात आवरला नाही, त्यांनी एक पाय खोडला. तेव्हा ती शेपटी असल्याचं कळलं.

पण घरातला हा गलबला फाटकाबाहेर गेला आणि त्याने भलतंच काम केलं.

वसाहतीतली रिकामी घरं विकायचा धंदा एका दलालाकडे होता. तो माणसांशीही चौरस फुटांतच बोलत असल्यामुळे त्याला सगळे स्क्वेअरफूट म्हणत. टाकीच्या भिंतीवरची ती जाहिरात त्याचीच. आजवर तो गिऱ्हाईक घेऊन यायचा, गिऱ्हाईक रस्त्याच्या मधोमध उभं राहून चहूकडे बघायचं, आपोआप कुजबुजत बोलायला लागायचं आणि निघून जायचं. "काका, तुमच्या वसाहतीचं सरासरी वय एकसष्ट आहे," तो एकदा कळवळून म्हणाला होता. "घर आवडतं हो लोकांना. शांतता आवडत नाही."

आता स्क्वेअरफूट गिऱ्हाईकांना थेट काकांच्या घरासमोर आणून उभं करू लागला. झोपाळा करकरत असायचा, साडू टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत असायचे, सुना दारात हसत असायच्या. "बघा, तरुण वस्ती आहे. मुलांना सवंगडी आहेत," स्क्वेअरफूट म्हणायचा. "वडीलधाऱ्यांचं छत्रसुद्धा आहे." आणि आत्यांकडे बोट दाखवायचा. आत्या त्याला हात हलवून आशीर्वाद द्यायच्या.

दुसऱ्या आठवड्यात जुळ्या मुलांचं एक जोडपं सत्तावीस नंबरच्या घरात राहायला आलं. पाठोपाठ रुग्णालयात काम करणाऱ्या दोन बहिणींनी बासष्ट नंबर भाड्याने घेतला. काकांनी वहीत नोंद केली. दोनशे एक अधिक चार अधिक दोन, दोनशे सात. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या आवृत्तीत एकही चूक न राहिल्याचं समाधान पसरलं.

"आता बस नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नाही," ते काकूंना म्हणाले. "तू बुधवारची तयारी ठेव."

गणना चार दिवसांवर आली होती. संध्याकाळी काका धाकटीच्या सात वर्षांच्या नातीला घेऊन टाकीपर्यंत फिरायला गेले. तिला नुकतंच वाचायला येऊ लागलं होतं आणि दिसेल ती पाटी ती अक्षर अक्षर करून वाचत होती. टाकीच्या भिंतीवर स्क्वेअरफूटची नवी जाहिरात झळकत होती. 'आता मोजकीच घरे शिल्लक!' भाव चढल्यामुळे त्याने जुनी जाहिरात फाडून नवी जरा वर, ठळक जागी लावली होती. नोटीस खाली मोकळी झाली होती.

"दो-न-शे-हू-न अ-धि-क," नात वाचू लागली. "लो-क-सं-ख्या न-स-ले-ल्या..."

"असलेल्या," काकांनी सुधारलं. "अ, बाळा."

"न आहे."

"अ असतो तिथे. नीट बघ."

"आजोबा, न आहे. नळातला न."

काका चष्मा पुसून पुढे झाले. तो नळातलाच न होता. चांगला टपोरा, छापखान्यातून आला तसा. काका त्याच्यापुढे किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. नात त्यांचा सदरा ओढून म्हणाली, "चुकलं असेल तर पेनाने करा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी परिवहन कार्यालयाला फोन लावला.

"हो, छोट्या वसाहतींसाठीच आहे योजना," पलीकडचे कारकून म्हणाले. "दोनशेपर्यंत मिनीबस. त्याच्या वर गेलं की मोठी बस. तिचा विचार पुढच्या टप्प्यात."

"पुढचा टप्पा कधी?"

"रस्ता रुंद झाला की."

"रस्ता कधी रुंद होणार?"

"ते खातं वेगळं. तुमची लोकसंख्या किती?"

"एकशे एकोणनव्वद," काका क्षीण आवाजात म्हणाले. "होती."

"मग झालंच की तुमचं काम! तुम्हाला काही करायचंच नाहीये."

काकांनी फोन ठेवला. व्हरांड्यातून काकूंनी विचारलं, "काय म्हणाले?"

काकांनी सांगितलं. सगळं, अगदी नळातल्या न सकट. काकूंनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायला लागले आणि मग त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काकांना आधी राग आला, मग जरा बरं वाटलं. आठ महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

"सोपं आहे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "धाकटीला म्हणावं, शनिवारी घरी जा."

ते मात्र सोपं नव्हतं. काका चहाच्या वेळी धाकटीजवळ जाऊन म्हणाले, "तुमच्या घराला इतके दिवस कुलूप आहे. काळजी वाटत असेल."

"छे हो भावजी," धाकटी म्हणाली. "तिथे आहे काय काळजी करण्यासारखं? इथे पोरं आठ तास झोपतात, भावजी. आठ तास! यांचा खोकला गेला. आत्या रात्री गातात." आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही बोलावलंत म्हणून. नाहीतर आम्हा बाराजणांना कोण घरात घेतं?"

काका उठले आणि न्हाणीघराच्या रांगेत जाऊन उभे राहिले, नंबर नसताना. मोजायला म्हणून बोलावलं होतं आणि आता मोजायचं नाही म्हणून घालवायचं, हे त्यांच्या तोंडून निघेना.

मग त्यांनी वसाहत धरली. पहिल्यांदा समोरच्या घरात राहणारे मास्तर. ते गाडी चालवायला शिकवत आणि कुणाच्याही बोलण्याला पटकन ब्रेक लावत.

"मास्तर, बऱ्याच दिवसांत मुलाकडे गेला नाहीत."

"थांबा. मागे तुम्हीच म्हणालात, घर सोडायचं नाही."

"ते मागे. आता सोडायचं."

"रविवारी सोडायचं?"

"शनिवारी संध्याकाळी सोडायचं, सोमवारी यायचं."

मास्तरांनी काकांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "काका, घरात इतकी माणसं असली की डोक्यावर परिणाम होतो. तुम्हीच का नाही कुठे जाऊन येत?"

काकांना शेवटी खरं सांगावं लागलं. मास्तर पोट धरून हसले आणि पत्नीला घेऊन मुलाकडे जायला तयार झाले. अर्थात ही गोष्ट मास्तरांना सांगितली म्हणजे वसाहतीलाच सांगितली. शुक्रवारी सकाळपर्यंत प्रत्येक फाटकावर "काय काका, आज किती?" अशी विचारपूस होऊ लागली. काका मान खाली घालून फिरले. आणखी दोन जोडपी आपापल्या मुलींकडे जायला राजी झाली. बाकीच्यांना कोणी बोलावणारं नव्हतं, किंवा पायऱ्या चढवत नव्हत्या, किंवा कुत्रं होतं. शनिवारी दुपारी तिन्ही जोडपी निघून गेल्यावर काकांनी वही उघडली. दोनशे सातातून सहा गेले.

दोनशे एक.

वही हातात धरून काका अंगणात उभे राहिले. आत धाकटी आणि काकू कशावरून तरी हसत होत्या. एकच माणूस जास्त होता, आणि तो कोण हे कळायला आता वही लागत नव्हती.

चार वाजता ते पिशवीत पायजमा, टॉवेल आणि गोळ्या भरून बाहेर आले. काकू घरात दिसल्या नाहीत. "ताई शेजारी गेलीय," धाकटी म्हणाली. "सांग तिला," काका म्हणाले, "छापखान्यातल्या जुन्या मित्राकडे जातोय. उद्या येईन." आत्यांना नमस्कार केला, तर त्यांनी स्क्वेअरफूटला द्यायच्या तसाच आशीर्वाद दिला.

सव्वा किलोमीटरचा रस्ता काकांनी मनात वाक्यं जुळवत काढला. छापखान्यातला जुना मित्र नावाची कोणी व्यक्ती आता या जगात नव्हती. रात्र कुठल्या तरी लॉजवर काढू, असा त्यांचा विचार होता. टाकी आली. बसथांब्याच्या बाकावर कोणीतरी बसलं होतं. पायाशी पिशवी, एक पाय लांब केलेला.

काकू होत्या.

"तू शेजारी गेली होतीस ना?" काका म्हणाले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"मित्राकडे."

"कुठल्या?"

काका बाकावर बसले. "एक जण जास्त होतो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. वही टेबलावरच पडलेली असते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी निघाले. तीनला निघाले. चारदा बसले वाटेत. एकदा मैलाच्या दगडावर, एकदा मास्तरांच्या त्या शिकाऊ गाडीच्या बॉनेटवर."

"अगं, पण ही बस तुझ्यासाठी! तू कशाला गुडघा घेऊन..."

"आणि तुम्ही घर सोडून माझ्यासाठी लॉजवर झोपणार? ढेकूण असतात तिथे."

काकांच्यातला मुद्रितशोधक जागा झाला. "म्हणजे आता एकशे नव्याण्णव झाले. एक जण विनाकारण आलाय. तू परत जा."

"सव्वा किलोमीटर? तुम्ही जा."

"मी गेलो तर तू एकटी राहणार कुठे?"

काकूंनी पिशवीतून किल्ली काढून दाखवली. "धाकटीकडे. तिनेच दिली."

"तिला काय सांगितलंस?"

"खरं तेच. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी फोनवर, कशाला बोलावलंय ते."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "मग... वाईट नाही वाटलं?"

"हसली. म्हणाली, मोजायला का होईना, बाराच्या बारा जणांना कोणी बोलावलं हेच पुष्कळ." काकूंनी पिशवी उचलली. "तुम्ही राहायचा आग्रह करत होतात ना, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. हसू आवरत नव्हतं."

बस आली. दोघंही चढले.

धाकटीच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या. बाराच पायऱ्या, आणि त्यांना भक्कम कठडा. बारा माणसं नसताना त्या खोल्या दोघांना पुरून उरल्या. बसथांबा बरोबर खिडकीखाली. न्हाणीघरात काका वाटेल तेव्हा गेले, वाटेल तितका वेळ राहिले आणि गुणगुणत बाहेर आले. सकाळी समोरच्या दुकानाची पाटी वाचून त्यांना तीन चुका सापडल्या. दोन गल्ल्या पलीकडे काकूंच्या एका मैत्रिणीचं घर. काकूंनी तिला नुसता फोन करून "मी खाली आहे," एवढंच सांगितलं, तर बाकीच्या दोघीही अर्ध्या तासात हजर झाल्या. रविवार असूनही बुधवारचा डाव मांडला गेला. काकू चारही डाव हरल्या आणि घरी आल्या त्या गात गात.

तिकडे गणना यथासांग पार पडली. धाकटीने बाईंना बारा माणसं मोजून दाखवली, आत्यांनी आशीर्वाद दिला. एकशे नव्याण्णव. महिन्याभरात मिनीबस मंजूर झाल्याचं पत्र वसाहतीच्या सचिवांच्या, म्हणजे काकांच्या नावाने आलं. ते त्यांना शहरात पाठवावं लागलं.

कारण दोघं परत आली नव्हती. आधी "बुधवारचा डाव होऊ दे" म्हणून, मग काकूंचा व्यायाम शिकवणारा डॉक्टर जवळ आहे म्हणून, मग समोरच्या दुकानदाराने नवी पाटी काकांकडून तपासून घ्यायचं ठरवलं म्हणून. पलीकडे धाकटीच्या नातवंडांची नावं तिथल्या शाळेत घातली गेली. घरांची अदलाबदल करू या, असं कोणी कुणाला म्हटलंच नाही. एक दिवस साडू काकांचे हिवाळ्याचे कपडे आणून देऊन आपले पंखे घेऊन गेले, तेव्हा ती झाली असं सगळ्यांच्या लक्षात आलं. स्क्वेअरफूटला एवढंच वाईट वाटलं की एवढा मोठा व्यवहार त्याच्याशिवाय झाला. मात्र त्याची शिल्लक घरं संपत आली होती. वसाहतीचं सरासरी वय त्रेचाळीसवर आलं होतं आणि झोपाळ्याला रांग होती.

मिनीबसची पहिली फेरी रविवारी सकाळी होती. सचिव म्हणून काकांनी यायलाच हवं होतं. काका आणि काकू मोठ्या बसने टाकीपाशी उतरले, तर तिथे पिवळी मिनीबस त्यांची वाट बघत उभी होती. सव्वा किलोमीटर चार मिनिटांत संपला. काकूंनी तो खिडकीतून पाहिला. मैलाच्या दगडापाशी त्यांनी काकांना कोपर मारलं.

घराच्या फाटकापाशी बस थांबली. भिंतीवर उंटाशेजारी आता हत्तीही आला होता. टोमॅटो छपरापर्यंत चढले होते. आतून कोणीतरी ओरडत होतं, कोणीतरी हसत होतं, आणि व्हरांड्यात खुर्चीवर आत्या बसल्या होत्या. पायऱ्यांवर सावली पडली तशा त्या पुढे वाकल्या आणि डोळे बारीक करून काकांकडे बघू लागल्या.

"कोणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीत काहीतरी असल्यासारख्या तिकडे बघत होत्या.

"तुमच्याकडेच," काका मोठ्याने म्हणाले.

"मग या की," आत्या म्हणाल्या. "उभे का? बसा पायरीवर. घरात बोलावते कुणाला तरी."